अंघोळीपासून मोजलेले दिवस

उपनगर, नाशिक रोड
७ फेब्रुवारी २०००

ती. प्रफुल्लदादास,
जय भीम.

नऊ वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा तब्येत कशी, वहिनीचे गुडघे कसे, हे विचारण्यात शाई घालवत नाही. तुझी संघमित्रा माझ्याकडे आहे. सुखरूप आहे, जेवली आहे, आणि आत्ता माझ्या पलंगावर झोपेचं सोंग घेऊन पडली आहे.

दुपारी दीडच्या सुमाराला दारात उभी राहिली. चांदवडला तिच्या सासऱ्यांनी, गोटीरामांनी, तिला सकाळी मनमाडच्या एसटीत बसवून दिलं होतं, "बापाकडं जा" म्हणून. ही बाईसाहेब पुढच्याच थांब्यावर उतरली आणि उलट दिशेची नाशिकची गाडी धरली. पिंपळगावला द्राक्षांच्या टेम्पोंनी रस्ता अडवला होता, त्यात तास गेला. हातात एक पिशवी आणि एक फाईल. मला ती ओळखेल की नाही अशी मलाच धाकधूक. तिनं मात्र सरळ "आत्या" म्हणून हाक मारली.

आधी कळवायचं नाहीस का, असं मी तिला म्हटलं. मनमाडला न जाता माझ्याकडे का आलीस, हेही विचारलं. ती म्हणाली, "पप्पा सही करतील, आत्या."

हे वाक्य लिहू की नको, असा बराच वेळ विचार केला. लिहिलं. तुला माहीत असलेलं बरं.

फाईल मी पाहिली. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही, म्हणून चांदवडच्या मंडळींनी तिची तपासणी करून आणली. त्यात रक्ताचा एक कागद आहे, प्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनचा. आकडा एक पूर्णांक एक. खाली कुणीतरी लाल पेनाने लिहिलं आहे, 'स्त्रीबीज तयार होत नाही.' त्या लाल ओळीवर सत्तावीस तारखेच्या रविवारी चांदवडच्या विहारात बैठक ठरली आहे. फारकतीचा कागद तयार आहे, तुझ्या सहीची जागा मोकळी सोडली आहे. तुलाही निरोप आला असेलच.

'अंजली नाशिकला कुठल्याशा दवाखान्यात रक्त काढते,' असं तू लोकांना सांगतोस, हे माझ्यापर्यंत पोहोचतं. दवाखाना नाही, लॅब आहे. आणि हार्मोनचा सगळा विभाग माझ्या ताब्यात आहे. हाताखाली दोन मुली आहेत, मुंबईला जाऊन मशीनचं शिक्षण घेऊन आले आहे, आणि आकडा विचित्र आला की मोठमोठे डॉक्टर फोन करून "अंजलीताई आहेत का?" विचारतात. फुशारकी वाटली तर वाटू दे. माझी फुशारकी मारायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मीच मारते.

तर या विषयात मी जे सांगते ते ऐकायचं. माझं दुसरं पत्र येईपर्यंत कशावरही सही करायची नाही.

अंजली

•

१२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. पोस्टकार्डावर! पोरीच्या पाळीचा विषय आणि तू उघडं कार्ड पाठवतोस. आमच्या पोस्टमनने मान खाली घालून दिलं, म्हणजे वाचलं असणार.

'कागदावर डॉक्टरचा शिक्का आहे. शिक्का खोटा कसा असेल? पोरीला उगाच भरीला घालू नकोस.' एवढंच लिहिलंस. शिक्का खरा आहे. आकडाही खरा असणार, रक्त बरोबर तपासलंय. चुकली आहे ती तारीख.

परवा चहा पिताना मी संघमित्राला सहज विचारलं, त्या वेळची पाळी कधी आली होती? म्हणाली, तीन जानेवारीला, सावित्रीबाईंची जयंती होती म्हणून लक्षात आहे. कागदावर सात जानेवारी. मी विचारलं, सात कुणी सांगितली? म्हणाली, "सासूबाईंनी. काउंटरवर विचारलं, शेवटची पाळी कधी, तर त्या पुढं होऊन म्हणाल्या, सातला. मी बाजूलाच उभी होते."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बरोबरच होतं की आत्या. सातला मी डोक्यावरून पाणी घेतलं."

कळलं का तुला? नसेल कळलं, पुरुषांना हे कळायचं कारण नाही. वहिनीला विचार. आपल्याकडच्या बायका पाळी धरतात ती पाचव्या दिवसाच्या अंघोळीपासून. आधीचे चार दिवस बाईला घरात धरत नाहीत, तसे ते दिवसही मोजणीत धरत नाहीत. आपल्या आक्काबाई आजीनं दीक्षा घेतल्यावर देव्हारा उचलून गोदावरीत सोडला, मागं वळून पाहिलं नाही. पण न्हाणीघरातली ही मोजणी काही तिच्या हातून सुटली नाही. तिच्याकडून आईकडे आली, आईकडून आमच्याकडे. तिच्या सासूने, सरुबाईंनी, खोटं सांगितलं नाही रे. त्यांच्या घरात जसं मोजतात तसं सांगितलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकविसाव्या दिवशी रक्त द्या. यांनी अंघोळीपासून बोटं मोजली. जे रक्त गेलं ते खऱ्या पंचविसाव्या दिवसाचं, आणि दोन दिवसांनी तिला पाळी आलीसुद्धा.

चार दिवसांनी काय एवढं बिघडतं, हे आता नीट वाच. तुला समजेल असं लिहिते, तू तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेस.

बाईच्या पोटात बदामाएवढे दोन बीजांडकोश असतात. त्यांत बारीक बारीक पिशव्या, एकेका पिशवीत एकेक स्त्रीबीज. त्या पिशवीला दोन थर असतात, म्हणजे दोन खाती समज. कच्चा माल कोलेस्टेरॉल. ज्याच्यापायी डॉक्टरांनी तुझं तूप बंद केलं म्हणे, तेच. बाहेरचं खातं रक्तातून ते घेतं आणि त्यापासून एक हार्मोन बनवतं. कुठलं, माहीत आहे? ज्याला आपण पुरुषाचं म्हणतो ते. तुझ्या मिशा ज्याच्या जिवावर आहेत, त्याच जातीचं. हसू नकोस. प्रत्येक बाईच्या पोटात आधी तेच बनतं, आईच्या, वहिनीच्या, माझ्याही. बाहेरच्या खात्याला तिथून पुढचं काम येत नाही, आणि आतल्या खात्याला सुरुवातीपासून करता येत नाही. मग बाहेरचा अर्धा झालेला माल आत जातो आणि आतलं खातं त्याचं इस्ट्रोजेन करतं, बाईचं हार्मोन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी बसलेली असते, ती दोन्ही खात्यांना वेगवेगळे हुकूम सोडते. दोन्हींचं जमलं तर माल निघतो.

मग एक दिवस पिशवी फुटते, बीज बाहेर पडतं. उरलेलं टरफल फेकून द्यायचं असं तुला वाटेल. तसं होत नाही. तेच टरफल पिवळं पडतं आणि नव्याने कामाला लागतं. आमच्या भाषेत पीतपिंड. ते प्रोजेस्टेरॉन बनवतं, आणि कसं बनवतं! आधी नावालाही नसलेलं हार्मोन आठवड्याभरात रक्तात दहा-पंधरा पट होतं. गर्भाशयाचं अस्तर त्यावर तयार होतं. पण हे खातं जेमतेम चौदा दिवसांचं. दिवस गेले नाहीत तर ते आपणहून आवरतं घेतं, हार्मोन खाली येतं आणि पाळी येते.

म्हणजे संघमित्राचं रक्त घेतलं तेव्हा काम आटोपत आलं होतं. भोंगा वाजून तुम्ही सगळे सायकली काढताय, अशा वेळी तपासनीस यावा आणि 'येथे काही काम होत नाही' असं लिहून जावा, तसं झालं आहे हे.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. पंच्याण्णव साली पेठकडच्या पाड्यावरून भागीबाई नावाची बाई आली होती. गावाने वांझ ठरवलेली. मी तारीख विचारली, पुन्हा विचारली, आणि मग तिलाच हसू आलं, म्हणाली, "न्हाले तवापासून मोजलं ना बाय, त्याआधीचं कोन मोजतं?" त्यानंतर मी आमच्या लॅबच्या सरांशी महिनाभर भांडले. छापील फॉर्मवर असलं लिहायचं का, म्हणत होते. आज आमच्या फॉर्मवर 'शेवटची पाळी' असं नाही, 'पहिला डाग दिसला ती तारीख' असं छापलेलं आहे. किती बायकांचे कागद त्यामुळे बदलले, मला ठाऊक आहे. मी मिरवते ते उगाच नाही.

तिची पाळी सव्वीस दिवसांची. बुधवारी सोळा तारखेला एकोणिसावा दिवस, खातं भरात असतं तो. तेव्हा रक्त घेणार आहे.

यावर उत्तर लिहायचं तर पाकिटातून लिही.

अंजली

•

१९ फेब्रुवारी

दादा,

रिपोर्ट आला. आत्यानेच आकडा वाढवला असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून मी हात लावला नाही. माझ्या हाताखालच्या ज्योत्स्नाने नमुना दोनदा मशीनला लावला, सरांनी सही केली. कागद माझ्या कपाटात आहे.

आकडा मात्र तुला सांगणार नाही.

हे माझं डोकं नाही, तुझ्या लेकीचं आहे. मी तर पाकीट लिहून, तिकीट लावून तयार होते. तिनं हातातून काढून घेतलं. म्हणाली, "नको पाठवू, आत्या. कागद वाईट आला असता तर पप्पांनी सही केली असती ना? मग चांगला आला म्हणून नाही केली, तर त्यात माझं काय?"

मला राग आला. इतकी खटपट केली ती कशासाठी, असं ओरडलेसुद्धा. ती शांतपणे मटार सोलत बसली. मग माझ्या लक्षात आलं की बावीस वर्षांची पोरगी जे बोलते आहे ते मला तिच्या वयाची असताना सुचायला हवं होतं. निदान एकोणतीसची असताना तरी. तेव्हापासून मी येताजाता तिच्याकडे बघते आणि माझी छाती फुगते. आपल्या घरातली आहे, दादा.

एकोणतीस म्हणजे कधीचं, ते तुला कळलं. मे एक्याण्णव. माझ्या नवऱ्याने असाच एक कागद बैठकीपुढे टाकला. तू इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होतास. मी दाराशी बायकांत बसले होते, तुझ्या तोंडाकडे बघत. तू काही तरी विचारशील, निदान रागावशील. तू एवढंच विचारलंस, "सही कुठं करायची?" मग मी बी.एस्सी.चं सर्टिफिकेट घेऊन नाशिकला आले आणि तू पुन्हा माझ्या दारात पाय ठेवला नाहीस.

तू दुष्ट नव्हतास. नाना त्याच साली गेले होते, बापामागं हा पुंजारामांचं घर कसं चालवणार म्हणून चार लोक तुझ्याकडे बघत होते. तुला लाज वाटत होती. माझी. हे मी नऊ वर्षं तुला लिहायचं ठरवत होते, आज लिहिलं.

सत्तावीसला चांदवडला तुला रिकाम्या हाताने जायचं आहे. खिशात चांगला कागद नाही, वाईट कागद नाही. काय करायचं ते तू ठरव. संघमित्रा माझ्याबरोबर इथंच थांबेल, बैठकीला येणार नाही म्हणते. तिला निकाल नकोय. तिला बाप बघायचाय.

अंजली

•

२ मार्च

प्रिय दादा,

वहिनीने रविवारीच एसटीडी बूथवरून फोन केला. आधी अर्धं मिनिट नुसती रडली. मला वाटलं, झालं, केली यानं सही. मग म्हणाली, "वन्सं, तुम्ही तिथं पाहिजे होतात." आज तुझं पत्र आलं, पाकिटातून, चार पानं. दोन्ही मिळून बैठक मी डोळ्यांपुढे उभी केली आहे आणि चार दिवसांत तीनदा लॅबमध्ये सांगून झाली आहे.

गोटीराम म्हणाले, "पोरीत दोष हाय. आमी नाय म्हनत, कागद म्हनतोय." आणि तू उठून विचारलंस, "कागदावरची तारीख कुणी सांगितली?"

दादा, तू तुझ्या साहेबापुढेसुद्धा उभं राहून बोलत नाहीस. वहिनी सांगते, दोनदा पाणी मागितलंस, पण थांबला नाहीस. चाळीस माणसांपुढे, बायाबापड्यांपुढे तू बीजांडकोशाची दोन खाती सांगितलीस. पुरुषाचं हार्मोन आधी बनतं म्हणालास तेव्हा म्हणे हशा झाला. अध्यक्ष खंडेराव गुरुजी म्हणाले, "म्हंजी आमच्या मंडळींच्या पोटात बी मर्दाचं असतंय?" आणि तू म्हणालास, "असतंय गुरुजी. आधी तेच असतंय. त्याच्यापासूनच पुढचं बनतं. बाईला ते बनवता येतं, आपल्याला फार येत नाही." शेवटचं वाक्य माझ्या पत्रात नव्हतं. ते तुझं आहे, आणि बरोबर आहे. एक मात्र चुकलास. पीतपिंड महिनाभर काम करतं म्हणालास. चौदा दिवस. पुढच्या वेळी नीट सांग.

मग गोटीराम म्हणाले, "येवढं हाय तर नवा कागद दाखवा."

इथे वहिनी पुन्हा रडायला लागली, म्हणून तुझ्याच पत्रातून उतरवते. तू म्हणालास, 'नवा कागद आहे. मी बघितलेला नाही. चांगला असो, वाईट असो, मी सही करत नाही. एकदा बहिणीच्या वेळी काही न विचारता सही केली. लाज मला वाटत होती, भोगलं तिनं.'

दादा, हे वाचून मी लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले. ज्योत्स्ना शोधत आली, तिला म्हटलं, माझा भाऊ बोलला. तिला काही कळलं नाही.

सरुबाईंचं तू दोन ओळींत उरकलंस. वहिनीने नीट सांगितलं. बायकांतून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "सातला नाय, तीनला आली व्हती ती. म्याच सात सांगितली." गोटीराम "गप बस" म्हणाले, तर म्हणाल्या, "गप कशी बसू? आपल्या सुमनचीबी म्याच सांगितली व्हती ना." त्यांची सुमन, येवल्याला दिलेली, वर्षापासून माहेरी बसलेली. दोष तिच्यातच म्हणून.

मंगळवारी सरुबाई सुमनला घेऊन आमच्या काउंटरवर आल्या. मला बघून घाबरल्या. चार शब्द सुनवावेत असं मनात फार आलं, खोटं कशाला बोलू. पण सुमन जुनी फाईल छातीशी धरून उभी होती. मी दोघींना पाणी दिलं आणि सुमनलाच तारीख विचारली. आईला मध्ये बोलू दिलं नाही.

काल तुझे जावई आले होते. दिनेशराव बैठकीत एक अक्षर बोलले नाहीत, इथे मात्र "चल घरी" म्हणाले. संघमित्रा म्हणाली, "येईन. आधी तुमची तपासणी करून घेऊ. तीन वर्षांत तुमचं कुणी काही बघितलंच नाही." लाल झाले, पण गेले नमुन्याची डबी घेऊन. जूनमध्ये तिला माझ्यासारखाच लॅबचा डिप्लोमा करायचा आहे. तेही तिनं त्यांना तिथंच सांगून टाकलं. मी मध्ये पडले नाही, मला पडावंच लागलं नाही.

आता आकडा. चार पानांत तू एकदाही विचारला नाहीस, म्हणून सांगते: बारा पूर्णांक चार. तीनच्या वर असला तरी स्त्रीबीज सुटलं असं आम्ही धरतो. उत्तम काम करतात तुझ्या लेकीची दोन्ही खाती.

चौथ्या पानावर अगदी खाली, वेगळ्या पेनाने तू लिहिलं आहेस, 'अंजू, तुझ्या वेळी तारीख कुणी सांगितली होती?'

सासूने नाही सांगितली. नवऱ्यानेही नाही. मी सांगितली, दादा. मला झूऑलॉजी होतं, बीजांडकोशाची आकृती काढून मी पैकीच्या पैकी मार्क आणले होते. काउंटरवर माणसाने विचारलं आणि मी घरात मोजायचे तशी मोजून, चटकन, अंघोळीची तारीख सांगितली. भागीबाई येऊन गेली त्या संध्याकाळी मी माझा जुना कागद काढला आणि बोटं मोजली. पंचविसावा दिवस होता. माझीही पाळी सव्वीस दिवसांची.

मला मूल झालं असतं की नाही, हे आता कुठलीच लॅब सांगू शकणार नाही, माझीसुद्धा नाही. पाच वर्षं हे मी कुणाला बोलले नाही. सगळ्या नाशिकच्या बायकांना तारीख विचारणारी मी, मला कुणी विचारत नव्हतं.

तू विचारलंस.

तुझी,
अंजू